जनीचं वय

माझ्या जगनकाकांना पनवेलमध्ये काही काळ सगळे ‘बॉलवाले’ म्हणत. तीनेक वर्षं ते नाव टिकलं. नंतर लोक विसरले आणि काकांनीही कधी आठवण काढली नाही.

आमची शेतं खांदा कॉलनीसाठी गेली. उरलेल्या तुकड्यावर काकांनी पत्र्याची शेड उभी केली. आधी तिथे सिमेंटच्या गोण्या ठेवल्या, मग कोंबड्या पाळून पाहिल्या, पण काहीच धड चाललं नाही. १९९४ साली अमेरिकेत फुटबॉलचा वर्ल्ड कप झाला. काका हाडाचे कबड्डीवाले, त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. पण मुंबईचा एक व्यापारी त्यांच्या ओळखीचा होता, खेळाचं सामान परदेशी पाठवणारा. त्याने सांगितलं की अमेरिकेतली स्टेडियम कधी नव्हे इतकी भरली, लोकांना या खेळाचं वेड लागलंय, तिथल्या दुकानांना आता लाखांनी बॉल हवेत आणि जालंधरला शिवणारे हात पुरत नाहीत. काकांनी विचारलं, अमेरिकेतले लोक आधी खेळत नव्हते काय? तो म्हणाला, त्यांचा फुटबॉल वेगळा, हातात धरून पळायचा. याला ते सॉकर म्हणतात आणि कालपर्यंत हसत होते.

त्या दिवाळीनंतर शेडमध्ये काम सुरू झालं. कापलेले तुकडे जालंधरहून ट्रकने येत. एका बॉलला बत्तीस तुकडे, काही पाच कोनांचे, काही सहा. शिवून झालेले बॉल हवा काढून, चपटे करून खोक्यांत भरायचे. जासईला ते कंटेनरमध्ये चढत आणि बंदरातून जात. मी तेव्हा बी.ए. होऊन घरी बसले होते. इंग्रजी बरं होतं, म्हणून काकांनी मला पत्रं लिहायला, फॅक्स वाचायला आणि माल तपासायला शेडवर बसवलं.

शिवायला बायका मिळाल्या त्या पळसाच्या वाडीतल्या. ही कातकऱ्यांची वाडी डोंगराच्या पायथ्याशी होती. दरवर्षी दिवाळी झाली की अख्खी वाडी वीटभट्ट्यांवर जायची आणि पावसाच्या तोंडावर परतायची. चिंधी नावाची बाई आमच्याकडे भाताच्या कापणीला यायची, तिला मी ओळखत होते. जालंधरच्या माणसाने तिला शिवण दाखवली, लाकडी चिमटा गुडघ्यांत कसा धरायचा, मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया लावून दोन बाजूंनी कसं ओढायचं. तिने दोन दिवसांत ती उचलली आणि वाडीत जाऊन बाकीच्यांना शिकवली. तिची शेजारीण हौसा आणि हौसाची थोरली मुलगी शांती या दोघी तर लवकरच तिच्याही पुढे गेल्या. शांती दिवसाला चार बॉल शिवायची. तिचा टाका इतका एकसारखा पडायचा की जालंधरच्या माणसाने नमुना म्हणून तिचाच बॉल नेला.

बायका शनिवारी तयार बॉल आणून देत आणि आठवड्याचे तुकडे गोणपाटात बांधून नेत. त्या वर्षी भट्टीचा ट्रक आला तेव्हा वाडीतली अकरा घरं त्यात चढली नाहीत, पुढच्या वर्षी एकही घर चढलं नाही. चिंधीचा नवरा पांडू जवळच बांधकामावर जाऊ लागला. मुलांनी पहिल्यांदाच शाळेचं सबंध वर्ष पाहिलं. चिंधीची जनी तिसरीत बसली. शाळेतून आली की ती आईशेजारी बसून शिवायची. सगळ्याच घरांतली मुलं शिवत. ते काकांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. भट्टीवर चिखल तुडवण्यापेक्षा हे बरं, असं काका म्हणत आणि मला ते पटत असे.

१९९७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेहून एक बाई आली. तिकडच्या दुकानांच्या एका मोठ्या साखळीसाठी ती माल पसंत करायची. तिला बॉल कुठे शिवले जातात ते स्वतः पाहायचं होतं. काकांनी तिला शेड दाखवली, पण शेडमध्ये फक्त खोकी होती. ती म्हणाली, शिवणाऱ्या बायकांकडे जाऊ या. काकांनी आदल्या दिवशीच वाडीत निरोप दिला होता की पाहुणी येईल तेव्हा पोरं लांब ठेवा. मलाही बजावलं होतं, ‘‘विचारलं तर सांग, बायका शिवतात. बाकी बोलू नकोस.’’

पोरं खरंच रानात पाठवली होती. पण चिंधीच्या बोटाला दोऱ्याने कापून पू झाला होता आणि तिच्या वाट्याचे बॉल राहिले होते. तिने जनीला ठेवून घेतलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा जनी दारात बसून शिवत होती, एक सुई दातांत धरलेली.

काकांचा चेहरा उतरला. पण ती बाई रागावली नाही. ती जमिनीवरच बसली आणि जनीचं शिवणं पाहत राहिली. माझ्यामार्फत ती बायकांशी बोलली. ती म्हणाली, मी लहान होते तेव्हा आमच्या गावात हा खेळ कोणी खेळत नव्हतं. माझ्या वडिलांना त्याचे नियमही माहीत नव्हते. आता शनिवारी सकाळी प्रत्येक मैदान भरलेलं असतं आणि खेळणाऱ्यांत निम्म्या मुली असतात. आया कडेला उभ्या राहून ओरडतात. मागच्या उन्हाळ्यात आमच्या मुलींनी ऑलिंपिकमध्ये सोन्याचं पदक आणलं, तेव्हापासून तर विचारूच नका.

मी हे मराठीत सांगितलं, तेव्हा बायका हसायला लागल्या. हौसाने विचारलं, पोरी खेळतात? लगीन झालेल्या पन? बाई म्हणाली, हो, त्यासुद्धा. शांतीने विचारलं की मग घरी कोण रांधतं. बाई इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पाकिटातून आपल्या दहा वर्षांच्या मुलीचा फोटो काढला. गुडघ्यापर्यंत मोजे घातलेली, एक दात पडलेली मुलगी बॉल कमरेशी धरून उभी होती. फोटो हातोहात फिरला. जनीने तो सगळ्यात जास्त वेळ धरला.

बाईने विचारलं, जनी कधी खेळलीय का? खेळलेली नव्हती. शिवलेल्या बॉलला माती लागली तर तो परत यायचा, म्हणून वाडीत कोणी बॉलला पाय लावत नसे. बाईने गाडीतून स्वतःचा एक बॉल आणला आणि अंगणात जनीकडे ढकलला. जनीने आईकडे पाहिलं, मग अनवाणी पायाने जोरात लाथ मारली. बॉल कुडावरून उडून बाभळीत गेला. सगळी वाडी हसली. बाईने त्याचे फोटो काढले, जनीच्या शिवण्याचेही काढले.

मग तिने विचारलं, ही केवढी आहे?

मी चिंधीला विचारलं. ती म्हणाली, ‘‘ठाव नाय, बाय. रोह्याची गाडी सुरू झाली त्या साली झाली.’’

मी मनात हिशेब केला, त्याला दहा-अकरा वर्षं झाली होती. मला तेव्हा काहीही सांगता आलं असतं. कातकऱ्यांची मुलं अंगाने बारीक असतात, मी चौदा म्हटलं असतं तरी तिने मानलं असतं. काकांनी बजावलेलं मी विसरले नव्हते. पण ती बाई चांगली होती, माझं इंग्रजी तिला समजत होतं आणि तिच्या हातात अजून तो फोटो होता. तिला बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, ‘‘टेन. जस्ट लाइक युअर डॉटर.’’

बाईने फोटोकडे पाहिलं, जनीकडे पाहिलं आणि फोटो पाकिटात ठेवला. जाताना तिने चिंधीचे दोन्ही हात धरले, तिच्या पू झालेल्या बोटाकडे पाहिलं आणि मला म्हणाली की हिला डॉक्टरकडे न्या. मी हो म्हणाले.

मेच्या सुरुवातीला फॅक्स आला. पुढचा माल थांबवला होता आणि कारण एका ओळीत दिलं होतं, बॉल लहान मुलं शिवतात. दोन आठवड्यांनी मुंबईचा व्यापारी एका अमेरिकन वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आला. जनीचा सुई दातांत धरलेला फोटो अर्ध्या पानावर होता. खाली लिहिलं होतं, जनी, वय दहा, ज्या मुली या बॉलने खेळतात त्यांच्याच वयाची. तो फोटो पेपरात कसा गेला, बाईने दिला की तिच्या ऑफिसातून दुसऱ्या कोणी, ते मला आजही माहीत नाही. व्यापारी म्हणाला, तिथल्या आया दुकानात जाऊन विचारायला लागल्यात की हा बॉल कोणी शिवला. आता सगळं काम कुंपणाच्या आत, मोठ्या शेडमध्ये, हजेरी घेऊन करायचं, घराघरांत नाही. तेवढी शेड काकांना जमणारी नव्हती. व्यापाऱ्याने काम दुसरीकडे हलवलं.

काका वाडीत निरोप द्यायला गेले, मीही बरोबर होते. त्यांनी बायकांना सरळ सांगितलं, चिंधीच्या पोरीचा फोटो छापून आला म्हणून काम गेलं. कात्रणही दाखवलं. वाचता कोणालाच येत नव्हतं, पण जनीला सगळ्यांनी ओळखलं. मी काकांच्या मागे उभी होते. फोटोखाली काय लिहिलंय ते कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

त्या पावसाळ्यात वाडीत चिंधीशी कोणी बोलत नाही असं मला बाजारात कळलं. हौसाने आपल्या अंगणातून जायची तिची वाट काट्या टाकून बंद केली होती. पोरगी लांब ठेवायला सांगितलं होतं, हिनेच ठेवली नाही, असं सगळ्या म्हणत. ते खरंही होतं.

दिवाळीनंतर भट्टीचा ट्रक आला आणि अख्खी वाडी त्यात चढली. जनीची शाळा पाचवी पुरी होण्याआधीच सुटली.

जानेवारीत भट्टीवर माती खणताना शांती गेली. विटांसाठी टेकाडाच्या पोटातून माती काढत होते. खालून पोखरत गेल्यामुळे वरची दरड लटकत राहिली होती. सकाळी दहाच्या सुमारास ती खाली आली. शांती आणि दुसरा एक माणूस आत होते. माणूस कमरेपर्यंत गाडला गेला, तो वाचला. शांतीला काढायला अर्धा तास लागला. पहिल्यांदा हातांनी माती उकरायला धावली ती चिंधी, असं पांडूने मला नंतर सांगितलं. तिची नखं निघाली. शांतीला बाहेर काढलं तेव्हा तिच्या तोंडात, नाकात माती भरलेली होती.

हौसा आधी रडली नाही. जनी पाण्याची कळशी घेऊन आली होती. ती तिथेच उभी होती. हौसा तिच्याकडे बघून सगळ्यांसमोर म्हणाली, ‘‘तू फोटू काढलास म्हून माजी शांती मातीत गेली.’’

हे सगळं मला महिन्याभराने कळलं आणि तेही जनीकडूनच.

एका दुपारी मी रिकाम्या शेडमध्ये जुनी खोकी आवरत होते. दारात जनी उभी होती. भट्टी कल्याणच्या बाजूला होती. तिथून ती कोणाला न सांगता निघाली होती, थोडी ट्रकने आणि बरीचशी चालत. पायांना फोड आले होते. तिला आत बसवलं, पाणी दिलं. काका घरातून आले. जनीने त्यांच्याकडे न बघता मला सगळं सांगितलं, दरड, शांती, हौसा काय म्हणाली ते. मग म्हणाली,

‘‘बाय, त्या बाईला कागद लिव्हा. मी लहान नाय म्हनून लिव्हा. मी पंधरा वर्सांची हाय, उगीच बारीक दिसते. मी खोटा बोलले असा लिव्हा.’’

काकांनी तिला समजावलं की आता काही उपयोग नाही, काम दुसऱ्या गावाला गेलं, तिकडे आता बॉलवर शिक्का मारतात की लहान मुलांनी शिवलेला नाही आणि लोक तो बघून घेतात. जनीने विचारलं, तिकडं खेल बंद झाला काय? काका म्हणाले, नाही, उलट वाढलाय. मग ते बाहेर जाऊन उभे राहिले.

मी म्हणाले, ‘‘जनी, तू काही बोललीच नव्हतीस. तुला कोणी विचारलंच नव्हतं.’’

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला चहा आणि पाव दिला.

दुसऱ्या दिवशी चिंधी आणि पांडू शोधत आले. भट्टीवाल्याने त्यांना दोन दिवसांसाठी सोडलं होतं. शांतीच्या दिवसांसाठी हौसा वाडीवर परतली होती आणि तिकडेच होती. पांडू काकांशी बोलत होता तेव्हा मी चिंधीला शेडच्या मागे नेलं. तिच्या बोटांवर नखांच्या जागी काळी खपली होती. मी तिला सांगितलं की वय मी सांगितलं होतं, चौदा म्हणता आलं असतं, मी दहा म्हटलं. पेपरात तेच छापलं गेलं.

चिंधी म्हणाली, ‘‘ठाव हाय.’’

मला वाटलं तिला कळलं नसेल. मी पुन्हा सांगायला लागले.

‘‘तू टेन बोललीस. खोकी मोजताना तुमी टेन, ट्वेंटी बोलता, तवा तेवढा कलतं मला. तवाच कललं व्हता.’’

‘‘मग हौसाला का नाही सांगितलंस? इतके महिने सगळ्यांचं ऐकून घेतलंस.’’

तिने पदर बोटांवर ओढून घेतला. मग म्हणाली, ‘‘काम तुमच्याकडं. तुजा नाव घेतला असता, तर उद्या पुन्ना काम आला असता तवा आमाला कोन दिला असता?’’

तिच्या आवाजात राग नव्हता. मला तो असता तर बरं झालं असतं. मी तिला म्हणाले, मी काय करू ते सांग. तिने जनीकडे पाहिलं. जनी रिकाम्या खोक्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती.

‘‘पोर रातची उठून बसते. शांती आली म्हनते. तू हौसाला सांग. जनी असताना सांग.’’

आम्ही तिघी चालत वाडीत गेलो. काकांना मी विचारलं नाही. हौसा ओट्यावर बसून काटक्या मोडत होती. आसपासच्या दोन म्हाताऱ्या आल्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, बाईने काय विचारलं, चिंधी काय म्हणाली, मी काय म्हणाले. ते बाईला बरं वाटावं म्हणून म्हणाले, हेही सांगितलं. सांगताना ते किती हलकं आहे ते मलाच ऐकू येत होतं.

हौसाचे हात थांबले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, ‘‘मंग आता पुन्ना सुरू व्हनार काय?’’

मी नाही म्हणाले.

‘‘मंग कशाला आलीस?’’

चिंधीने जनीला पुढे केलं. हौसाने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं, तिच्या फोड आलेल्या पायांकडे. बराच वेळ पाहिलं. मग खाली बघून काटकी मोडली आणि म्हणाली, ‘‘घरी जा, पोरी. ऊन चढला.’’

तेवढंच. तिने मला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी एकटीच परत आले.

पांडू आणि चिंधी दुसऱ्या दिवशी भट्टीवर गेले, जनीला घेऊन. महिन्याभराने हौसाही गेली, बरोबर तिची दोन लहान मुलं होती. पुढच्या दिवाळीला ट्रक आला तेव्हा हौसाच्या अंगणातल्या काट्या काढलेल्या होत्या, असं पांडू म्हणाला. पण दोघी ट्रकमध्ये वेगवेगळ्या बाजूला बसल्या. त्या हंगामात भट्टीवाल्याने जनीला मोठ्या बाईच्या जोडीने कामाला घेतलं.

काकांनी शेड टायरवाल्याला भाड्याने दिली. मी शिकवण्या घ्यायला लागले. १९९९ च्या जुलैत पेपरात एक फोटो आला होता. अमेरिकेतलं स्टेडियम नव्वद हजार माणसांनी भरलं होतं आणि ती सगळी बायकांचा सामना बघायला आली होती. पुढच्या रांगांत लहान मुली होत्या, गालांवर रंग लावलेल्या. मी तो पेपर घरात कोणाला दाखवला नाही.

त्याच आठवड्यात बाजारात चिंधी दिसली. रानातली करटोली विकायला घेऊन बसली होती. मी जनीचं विचारलं. म्हणाली, उन्हाळ्यात लग्न केलं, कर्जतच्या बाजूला दिली, मुलगा भट्टीवरचाच आहे.

‘‘बरी आहे ना?’’

‘‘बरी हाय. पोटुशी हाय.’’ तिने करटोल्यांचा वाटा माझ्या पिशवीत ओतला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.